अम्मीचा की अब्बूंचा?

तलाक किंवा खुला झाला की घरात बैठका बसतात त्या मेहर, इद्दत, दागिने आणि सामान यांच्यासाठी. दहावी-बारावीतली मुलं त्या बैठकीत पाण्याचे ग्लास आणून ठेवतात. त्यांना विचारायला मोठ्यांना एकच प्रश्न सुचतो, "तू कुणाकडे राहणार?"

मग मूल गप्प होतं. नानींच्या घरी अब्बूंची आठवण काढली तर सगळ्यांचे चेहरे उतरतात, दादींच्या घरी अम्मीचं नाव घेतलं तर फुफी उठून आत जातात. गोंदियाजवळच्या नागऱ्यासारख्या गावात दोन्ही घरांना ओळखणारे पावलोपावली. किराणा दुकानात कुणीतरी विचारतंच, "बेटा, अब्बूंचा फोन येतो का?" विचारणाऱ्याला काळजीही असेल, पण उत्तर संध्याकाळपर्यंत दुसऱ्या घरी पोचतं.

अशा मुलाला नात्याबाहेरचं, गावाबाहेरचं माणूस हवं असतं. ते आता फोनवर मिळतं. केंद्र सरकारची टेली-मानस सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. १४४१६ वर दिवसरात्र, मोफत, मराठीतही बोलता येतं. आधी समुपदेशक ऐकून घेतात, गरज असेल तर तज्ज्ञांशी जोडून देतात. अठराच्या आतल्यांसाठी १०९८ आहेच. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या 'आयकॉल'कडे ई-मेलनेही मन मोकळं करता येतं. दोन खोल्यांच्या घरात हे बरं, कारण लिहिलेलं भिंतीपलीकडे ऐकू जात नाही.

मुलांनो, काय बोलायचं हे ठरवून फोन करावा लागत नाही. "मला दोघंही हवे आहेत" एवढ्याने सुरुवात होते. समुपदेशक चूक कुणाची ते ठरवत नाहीत, अम्मी-अब्बूंना पुन्हा एकत्रही आणत नाहीत. तुमच्या डोक्यावरचं कोणतं ओझं तुमचं नाही, एवढं ते वेगळं काढायला मदत करतात. "अब्बूंना सांग, फी भरा" हा निरोप पोचवणं तुमचं काम नाही. "तुम्हीच बोला," असं अदबीने म्हणता येतं. फी हा उपकारही नव्हे. तलाकनंतरही मुलांच्या पोटगीची जबाबदारी वडिलांचीच, मुलगा सज्ञान होईपर्यंत आणि मुलीचं लग्न होईपर्यंत, असं सर्वोच्च न्यायालयाने नूर सबा खातून प्रकरणात १९९७ मध्येच सांगितलं आहे. आणि कुणाकडे राहायचं यावर वाद झालाच, तर १८९० च्या पालक व पाल्य कायद्यानुसार समजत्या मुलाचं मत न्यायालय विचारात घेऊ शकतं. भर बैठकीत उत्तर देण्याची सक्ती तुमच्यावर नाही.

इन्स्टाग्रामवर "मी आहे ना" म्हणणारा अनोळखी मात्र समुपदेशक नव्हे. तो फोटो मागू लागला की तिथेच थांबा.

आता मोठ्यांना. बऱ्याच घरांत फोन एकच, तोही मामूंच्या खिशात. तो अर्धा तास मुलाच्या हाती द्या, नंतर कुणाशी बोललास ते विचारू नका, यादीही उघडू नका. मुलाच्या निमित्ताने आईलाही त्रास देऊ नये आणि बापालाही, असं सूरह बकरहच्या आयत २३३ मध्ये आहे. बैठकीत ती आयत कुणी वाचत का नाही, कोण जाणे!

एक गोष्ट थांबण्यासारखी नाही. मूल जगणं नको म्हणत असेल तर त्याला एकटं सोडू नका. लगेच १४४१६ लावा आणि त्याच दिवशी गोंदियाच्या सरकारी रुग्णालयात न्या. रात्र असली तरी.