साहेब, जरा बघून सांगा ना!

बँकेत रुजू होताना आम्हाला गुप्ततेच्या एका छापील कागदावर सही करावी लागे. १९७० च्या बँक राष्ट्रीयीकरण कायद्याचे कलम १३ त्यामागे होते. कायदा किंवा बँकव्यवहाराची रीत यांना धरून गरज असल्याखेरीज खातेदाराची माहिती बाहेर जाऊ द्यायची नाही. सही केली आणि कागद विसरलो.

पुढे तालुक्याच्या गावी शाखाधिकारी असताना एका सरकारी खात्यातले गृहस्थ आले. चहा झाला. निघता निघता म्हणाले, "साहेब, त्या मास्तरांच्या खात्यात पैसे कुठून येतात, जरा बघून सांगा ना!" लेखी आदेश नव्हता. तरी मी लेजर उघडले आणि सांगून टाकले. गावात राहायचे होते, नाही म्हणवले नाही. मास्तर मात्र पूर्वीसारखाच हसून नमस्कार करीत राहिले आणि तो नमस्कार घेणे मला जड जाऊ लागले.

'ज्याला काही लपवायचे नाही, त्याने कशाला घाबरावे?' असे आपण सहज म्हणतो. खरक सिंग यांची हकिकत त्यासाठी ऐकावी. उत्तर प्रदेशातल्या या माणसाला १९४१ मध्ये दरोड्याच्या प्रकरणात धरले आणि पुराव्याअभावी सोडले. तरी पोलिसांनी त्यांची 'हिस्टरी शीट' उघडली. घरावर गुप्त पाळत, रात्री-अपरात्री दारावर थाप, शिवाय सवयी, ऊठबस, मिळकत, खर्च यांची वरचेवर चौकशी. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रात्रीच्या भेटी तेवढ्या बंद केल्या, बाकीचे चालू ठेवले. खाजगीपणाचा हक्क घटनेत नाही, असे बहुमताचे म्हणणे पडले. न्या. सुब्बा राव यांनी मात्र तो हक्क स्वातंत्र्याचाच भाग असल्याचे नोंदवले. तेच मत नऊ न्यायमूर्तींनी एकमुखाने उचलून धरायला २४ ऑगस्ट २०१७ उजाडावा लागला.

मधला एक निकाल माझ्या जिव्हाळ्याचा. आंध्र प्रदेशने मुद्रांक कायदा बदलून, जिल्हाधिकारी नेमील त्या कोणाही माणसाला बँकेत शिरून कागद तपासण्याची मुभा दिली होती. कॅनरा बँकेच्या खटल्यात २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती टिकू दिली नाही. कागद बँकेच्या हवाली केला म्हणून त्यावरचा माणसाचा खाजगीपणा संपत नाही, हे त्यातले सार.

सरकारला माहिती लागतेच. घातपाती आणि करबुडवे आपणहून सांगायला येत नाहीत. प्रश्न आहे तो विचारण्याच्या रीतीचा. आपले फोन ऐकण्याची परवानगी गृहसचिव देतात आणि ती तपासणारी समितीही सचिवांचीच. न्यायाधीश त्यात कुठेच नाही. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही, सुरक्षितता वा सार्वजनिक सुव्यवस्थेच्या कारणाने सरकारी यंत्रणांना सूट देण्याचा अधिकार केंद्राने स्वतःकडे ठेवला आहे. म्हणजे कुलूप आपल्या दाराला आणि किल्ली सरकारच्या खिशात.

माझ्या वेळी लेजर उघडायला निदान एक माणूस लागे. तो नाही म्हणू शकत होता. आता संगणकाला संकोच नाही, म्हणून तो संकोच कायद्यातच लिहून ठेवायला हवा. लेखी आदेश, नोंदलेले कारण, त्यावर न्यायाधीशाची सही आणि तपास संपल्यावर त्या माणसाला कळवणे.

मास्तरांना मी अखेरपर्यंत काही सांगितले नाही. "लेखी आणा" एवढे दोनच शब्द त्या दिवशी म्हणायचे होते.