नव्या गावातील घरे

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे लातूर व उस्मानाबाद (आजचा धाराशिव) या जिल्ह्यांत भीषण भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवरील जड माळवदे निजलेल्या माणसांवर कोसळली. हजारो लोक मरण पावले. पुढे ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली.

नवी घरे भक्कम होती. तरी पुष्कळांना ती आपली वाटेनात. यास कृतघ्नपणा म्हणणे मला अन्यायाचे वाटते. जमिनीच्या मानाने मोजून दिलेले २५०, ४०० किंवा ७५० चौरस फुटांचे घर, रुंद सरळ रस्ते, आणि सावलीला झाड नाही! जुन्या घराला ओसरी होती, गुरांना गोठा होता. येथे बैल बांधावा कोठे, कडबा रचावा कोठे?

मग लोक स्वतःच कामाला लागले. कोणी दारापुढे पत्र्याची पडवी काढली, कोणी गुरांसाठी आडोसा केला, कोणी अंगणात रोप लावून त्यास सांडपाणी घातले. आखीव गावाचा सारखेपणा बिघडला, म्हणून कोणी नाक मुरडील. मला मात्र ती वाकडी पडवीच अधिक मोलाची वाटते. मुलांनो, घर बांधून देता येते. ओसरीवरचा जिव्हाळा देता येत नाही. म्हणून बांधणाऱ्यांनी राहणाऱ्यांना आधी विचारावे, आणि त्यांच्या हातांना थोडे काम शिल्लक ठेवावे. अट एकच: दगडमातीची जड भिंत पुन्हा चढवू नये.

त्या घरांत जन्मलेली मुले आता मोठी झाली आहेत. जुने गाव कोठे होते, ते त्यांना बोटाने दाखवावे लागते.