गुडघ्यांची रांग घरातूनच सुरू होते

लग्नाचा बस्ता बांधायला गावाकडून हिंदमाताला येणाऱ्या बायका पुष्कळ. तिथून जवळच परळचं केईएम, महापालिकेने १९२६ साली सुरू केलेलं हॉस्पिटल. तिथल्या ओपीडीतही गावोगावच्या बायका दिसतात, पण गुडघे धरून बसलेल्या. कुणाला नव्या सांध्यासाठी तारीख हवी असते.

पूर्वी सगळं पैशापाशी अडायचं. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीला मर्यादा घातली. दीड लाखाच्या पुढे जाणारा कोबाल्ट-क्रोमियमचा नेहमीचा सांधा ५४,७२० रुपयांवर (जीएसटी वेगळा) आला. पण सांधा स्वस्त झाला म्हणून ऑपरेशन थिएटरं वाढत नाहीत! सरकारी दवाखान्यात अपघाताचा पेशंट आला की त्याला आधी घ्यावंच लागतं. गुडघ्याचं ऑपरेशन ठरवून करायचं, म्हणून तेच पुढे जातं. २०२० च्या करोनात अशी कितीतरी ऑपरेशनं थांबली.

मैत्रिणींनो, दवाखान्याच्या रांगेआधी एक रांग घरात असते. गुडघ्याची झीज बायकांमध्ये पुरुषांपेक्षा जास्त. तरी आपण डॉक्टरकडे जाणार कधी? मुलीचं लग्न, सुनेचं बाळंतपण, नातवाची परीक्षा आटोपली की! तोवर मांडीचे स्नायू दुबळे होतात, पाय वाकतो, आणि ऑपरेशननंतर उभं राहायलाही वेळ लागतो.

प्रत्येक दुखऱ्या गुडघ्याला ऑपरेशन लागतंच असं नाही. पण ते ठरवायचं डॉक्टरांनी, शेजारणीने नव्हे. ऑपरेशन सांगितलं तर नाव लगेच नोंदवा, केसपेपर जपून ठेवा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत ते बसतं का, हे योजनेतल्या हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला विचारा. साखर, बीपी, हिमोग्लोबिन ताब्यात ठेवा. नाहीतर मिळालेली तारीखही हुकते. आणि थांबायच्या काळात मांडीचे व्यायाम शिकून घ्या.

इंग्लंडमध्ये १८ आठवड्यांत उपचार सुरू व्हावेत असा सरकारी नियम आहे. २०१६ पासून तोही पाळणं जमलेलं नाही. पण किती माणसं थांबलीत, हा आकडा दर महिन्याला जाहीर होतो. आपल्याही प्रत्येक सरकारी दवाखान्यात असा फलक लागायला हवा. किती नंबर पुढे आहेत हे कळलं, तर बाई घरची सोय लावून येईल. त्यासाठी आपण मागणी करूच. घरातली रांग मात्र आपल्यालाच मोडायची आहे.