दृढीकरणानंतर पुढे काय?



८ मे २०२५ रोजी रोम येथे पोप लिओ चौदावे यांची निवड झाली. नेमक्या त्याच दिवशी अमरावती धर्मप्रांताच्या स्थापनेला ७० वर्षे पूर्ण झाली. ८ मे १९५५ रोजी नागपूर महाधर्मप्रांतातून तो वेगळा करण्यात आला होता. या सात दशकांत शाळा, वसतिगृहे, दवाखाने व देवमंदिरे उभी राहिली. त्याबद्दल आम्ही परमेश्वराचे ऋणी आहोत. परंतु त्याच निमित्ताने एक प्रश्न आम्हांला अस्वस्थ करीत आहे. आपल्या घरांत धर्मशिक्षणाची वही दृढीकरणाच्या दिवशी जी माळ्यावर जाते, ती पुन्हा खाली येत नाही. मूल तेव्हा जेमतेम पंधरा वर्षांचे असते. श्रद्धेची खरी कसोटी मात्र पस्तिशी-चाळिशीत लागते, आणि त्या वयाच्या माणसाला श्रद्धेत वाढवण्याची आपल्याकडे कोणती व्यवस्था आहे?

वऱ्हाडात हा प्रश्न केवळ आध्यात्मिक राहत नाही. १ जुलै २००६ रोजी तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी शेतकरी आत्महत्यांनी ग्रासलेल्या विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशीम, बुलढाणा आणि वर्धा हे ते सहा जिल्हे. वर्धा वगळला तर उरलेले पाचही जिल्हे अमरावती महसूल विभागाचे आहेत. त्यानंतर अनेक योजना आल्या, कर्जमाफ्या झाल्या. दुःख संपले नाही. शेती बहुतांशी कोरडवाहू. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात तर जमिनीखालचे पाणीही खारट. विहीर खोदली तरी पिकाला देता येत नाही. पाऊस लांबला की दुबार पेरणी, आणि दुबार पेरणी म्हणजे दुसरे कर्ज. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र शासनाने कापसावरील आयातशुल्क तात्पुरते माफ केले आणि ती मुदत पुढे डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. कापूस घरात येण्याच्या तोंडावर हा निर्णय झाला, याची चिंता ज्याच्या शेतात कापूस उभा होता त्यालाच ठाऊक.

अशा वेळी काही भाविकांच्या तोंडून एक वाक्य निघते: श्रद्धा कमी पडली म्हणून त्याने जीव दिला. हे वाक्य निर्दय आहे आणि ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीलाही धरून नाही. १९१७ च्या धर्मसंहितेत जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्यास ख्रिस्ती अंत्यविधी नाकारला जात असे. १९८३ च्या संहितेतून ती तरतूद वगळण्यात आली. १९९२ च्या कॅथॉलिक धर्मशिक्षणग्रंथात (परिच्छेद २२८२-८३) सांगितले आहे की तीव्र मानसिक यातना व भय यांमुळे अशा व्यक्तीची जबाबदारी कमी होऊ शकते. तिच्या तारणाविषयी निराश होऊ नये, ख्रिस्तसभा तिच्यासाठी प्रार्थना करते. मग कमी पडले कोण? आमचे उत्तर असे की, सोबत कमी पडली. आणि सोबत देणे हेच तर शिष्यत्वाचे काम आहे.

शिष्य म्हणजे प्रश्नोत्तरे पाठ केलेला विद्यार्थी नव्हे. योहानाच्या शुभवर्तमानात पहिले दोन शिष्य येशूला त्याचा मुक्काम विचारतात आणि तो दिवस त्याच्याजवळ राहतात. त्या दिवशी त्याने त्यांना काय शिकवले, याविषयी योहान एक शब्दही लिहीत नाही. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातील शिवारफेरी आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. शेतकरी बांधावरून चालत, उभे पीक हाताळत, शंका विचारत शिकतो. घरी मिळालेल्या पत्रकाने ते होत नाही. श्रद्धेचेही तसेच आहे. अम्माउसच्या वाटेवर प्रभूने त्या दोघा खचलेल्या शिष्यांना आधी बोलू दिले, त्यांचे सारे गाऱ्हाणे ऐकून घेतले आणि त्यानंतरच शास्त्र उलगडले. आपण बहुधा उलट्या क्रमाने जातो.

पूर्वी एका धर्मगुरूकडे अनेक गावे असत. तेव्हा ही सोबत धर्मशिक्षकांनी, ज्यांना आपण कॅटेकिस्ट म्हणतो त्यांनी, दिली. सायंप्रार्थना, आजाऱ्याची भेट, भांडणात मध्यस्थी, मयताच्या घरी रात्रभर बसणे, हे सारे त्यांच्याकडे. पोप फ्रान्सिस यांनी १० मे २०२१ च्या ‘अँटिक्वम मिनिस्टेरियम’ या पत्राद्वारे कॅटेकिस्ट हे पद सामान्य जनांसाठी अधिकृत सेवापद म्हणून स्थापित केले. या पत्राची चर्चा आपल्याकडे फार थोडी झाली, हे आम्ही खेदाने नमूद करतो. हे सेवापद केवळ रविवारच्या मुलांच्या वर्गासाठी नाही. प्रत्येक धर्मग्रामाने प्रौढ कुटुंबांसाठी असे एक-दोन सेवक, विशेषतः स्त्रिया, निवडून त्यांना प्रशिक्षण द्यावे.

राज्य शासनाला ही गरज उमगली होती. २०१५ साली विदर्भ-मराठवाड्यातील १४ जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू झाला. आशा कार्यकर्तीने घरी जाऊन खचलेल्या शेतकऱ्याची विचारपूस करावी, गरज असल्यास त्याला समुपदेशनासाठी पाठवावे, अशी ती योजना. १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक देवमंदिराच्या सूचनाफलकावर लावण्यास तर काहीच खर्च नाही.

आणखी एक गोष्ट, जी आपल्याला कदाचित रुचणार नाही. कर्ज काढून सण-समारंभ करू नका, हे याच अमरावती जिल्ह्यात जन्मलेल्या गाडगेबाबांनी हाती खराटा घेऊन गावोगावी सांगितले. २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ त्यांचे निधन झाले. आपल्या व्यासपीठांवरून हे इतक्या स्पष्टपणे किती वेळा सांगितले गेले? प्रथम ख्रिस्तप्रसादाचा मंडप, लग्नातील पंगती, वाजंत्री, यांवर आपल्यातील गरीब कुटुंबेही ऐपतीबाहेर खर्च करतात. कारण शेजारच्यांनी केला. धर्मग्रामातील सुखवस्तू घरांनी साधा विवाह करून दाखवला तर गरिबाला तसे करण्यास संकोच वाटणार नाही. हे शिष्यत्वाचे धडे वर्गात देता येत नाहीत.

खरीप हंगामाच्या तोंडावर, मे-जून महिन्यांत, पीककर्जासाठी बँकेच्या खेपा सुरू होतात. जुने थकलेले असेल तर नवे मिळत नाही आणि माणूस सावकाराच्या दारी जातो. त्या दोन महिन्यांत प्रत्येक वस्तीतील चार-पाच कुटुंबांनी आठवड्यातून एकदा एका घरी जमावे, शुभवर्तमानाचा एक उतारा वाचावा, आणि प्रार्थनेनंतर चहा होण्यापूर्वी घरधन्याला विचारावे, ‘भाऊ, यंदा बँकेचं काय झालं?’