तिसऱ्या खेळाडूची किंमत

टेबल टेनिसच्या जागतिक सांघिक स्पर्धेत पुरुषांचा एक व स्त्रियांचा एक असे दोन करंडक असतात, हे आमच्या पुष्कळ वाचकांस ठाऊक असेल. परंतु ह्या दोन करंडकांच्या जन्मात सात वर्षांचे अंतर का पडले, ह्याचा विचार फार थोड्यांनी केला असेल. आम्हांस तो आज करावासा वाटतो. कारण जे अंतर लंडन-पॅरिसात पडले, तेच आमच्या सीताबर्डीच्या घराघरांत आजही पडलेले दिसते.

पहिली जागतिक स्पर्धा १९२६ च्या डिसेंबर महिन्यात लंडन येथे भरली. तीत ज्या मोजक्या देशांचे संघ उतरले त्यांत आपलाही देश होता, ही अभिमानाची गोष्ट होय. त्याच वेळी स्त्रियांचे एकेरी सामनेही झाले. म्हणजे स्त्रीस हा खेळ येतो, हे जगाने पहिल्याच दिवशी मान्य केले होते. परंतु सांघिक करंडक ठेवला गेला तो केवळ पुरुषांसाठी. स्वेथलिंग करंडक म्हणून तो प्रसिद्ध आहे, आणि गंमत अशी की, तो देणारी दाती एक स्त्री, लेडी स्वेथलिंग, होती. स्त्रियांच्या संघास करंडक मिळण्यास १९३३ साल उजाडावे लागले. तो फ्रान्सचे मार्सेल कोर्बिलों ह्यांनी दिला. तरीही पंक्तिभेद संपला नाही. पुरुषांच्या लढतीत प्रत्येक बाजूस तीन खेळाडू व नऊ एकेरी सामने. स्त्रियांच्या लढतीत चार एकेरी व एक दुहेरी, आणि तेवढ्यास दोनच खेळाडू पुरत. आज दोन्ही संघांस एकच नियम आहे: तीन खेळाडू, पाच एकेरी सामने, आणि जो तीन जिंकेल त्याची सरशी. परंतु हे साधण्यास कित्येक दशके जावी लागली.

ह्या इतिहासाचे मर्म काय? टेबल तेच, जाळी तीच, चेंडू तोच. मेजाची लांबी २.७४ मीटर व जाळीची उंची १५.२५ सेंटिमीटर, पलीकडे पुरुष उभा आहे की स्त्री, ह्यावरून त्यांत केसभरही फरक पडत नाही. फरक होता तो समाजाच्या मनात. एखादी असामान्य स्त्री पुढे आली तर समाज तिचे कौतुक करावयास तयार असतो. तिची मिरवणूक काढतो, तिला हार घालतो. परंतु स्त्रियांचा संघ म्हटला की तोच समाज कचरतो. कारण संघास एक असामान्य स्त्री पुरत नाही, त्यास अनेक सामान्य मुलींना सारखी संधी द्यावी लागते. एकीचे कौतुक फुकट होते. अनेकींच्या संधीस पैसा, वेळ आणि मनाचा मोठेपणा लागतो.

आपल्याच प्रांतातील उदाहरण घेऊ. १९५२ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर ही जागतिक स्पर्धा भरली. आशिया खंडात ती प्रथमच आली होती. जपानचा संघ त्या वर्षी प्रथमच उतरला, आणि हिरोजी सातो ह्याने स्पंज लावलेल्या बॅटने पुरुषांचे एकेरीचे विजेतेपद नेले. ह्या नव्या बॅटचीच चर्चा पुढे वर्षानुवर्षे चालली. परंतु पुरुषांचा सांघिक करंडक हंगेरीकडे गेला असता, स्त्रियांचा करंडक मात्र पदार्पणातच जपानी मुलींनी जिंकला, ह्याची आठवण किती जणांस आहे? आपल्या अंगणात घडलेल्या गोष्टीचा हा अर्धा भाग आपण विसरलो.

आता आपल्या संघाकडे वळू. पुरुषांनी २००६ साली मेलबर्न येथे राष्ट्रकुल सामन्यांत सांघिक सुवर्ण मिळविले, आणि २०१८ साली जकार्ता येथे आशियाई सामन्यांत देशास पहिले सांघिक पदक आणले. त्याच २०१८ च्या एप्रिलात गोल्ड कोस्ट येथील राष्ट्रकुल सामन्यांत पुरुष व स्त्रिया ह्या दोन्ही संघांनी सुवर्ण जिंकले. स्त्रियांच्या त्या संघात ठाण्याच्या मधुरिका पाटकर आणि पुण्याच्या पूजा सहस्रबुद्धे अशा दोन महाराष्ट्रकन्या होत्या. सिंगापूरविरुद्धच्या अंतिम लढतीत मनिका बत्रा ह्यांनी दोन एकेरी सामने जिंकले, ते सर्वांच्या स्मरणात राहिले. परंतु विजयास तीन गुण लागतात, आणि तो तिसरा गुण दुहेरीत मौमा दास व मधुरिका पाटकर ह्यांनी मिळवून दिला. मधुरिका त्याच लढतीत एकेरीचा सामना हरल्या होत्या. हरून पुन्हा मेजाशी उभे राहणे आणि सोबतिणीच्या साथीने संघास सावरणे, ह्यालाच सांघिक खेळ म्हणतात.

२०२४ च्या फेब्रुवारीत बुसान येथील जागतिक सांघिक स्पर्धेत तर नवल घडले. चीनसारख्या बलाढ्य संघाविरुद्ध ऐहिका मुखर्जी ह्यांनी जगातील तेव्हाच्या अग्रमानांकित सुन यिंगशा हिला हरविले, आणि श्रीजा अकुला ह्यांनी वांग यिदी हिला. लढत आपण २-३ अशी गमावली. परंतु 'चिनी मुलींपुढे आपला काय पाड?' हा प्रश्न त्या दिवसापासून विचारण्यासारखा उरला नाही. त्याच वर्षी पॅरिस ऑलिंपिकात आपले दोन्ही संघ प्रथमच उतरले, आणि स्त्रियांच्या संघाने रुमानियास ३-२ असे नमवून उपांत्यपूर्व फेरी गाठली. तेथे जर्मनीविरुद्ध १-३ असा पराभव झाला. त्यांतला आपला एकमेव गुण संघातील तिसऱ्या खेळाडू अर्चना कामत ह्यांनी मिळविला. आणि पॅरिसनंतर थोड्याच दिवसांत ह्याच गुणी मुलीने व्यावसायिक खेळ बाजूस ठेवून परदेशी उच्च शिक्षणाची वाट धरली. आम्ही तिला मुळीच दोष देत नाही. विद्येची वाट ही थोरच वाट आहे. परंतु जो देश पहिल्या क्रमांकाच्या खेळाडूस डोक्यावर घेतो आणि तिसरीने पुढे काय करावे ह्याचा विचार करीत नाही, त्याचा संघ कधीही पक्का होणार नाही, एवढे मात्र आम्ही स्पष्ट सांगू.

नागपूरकरांस हे निराळे समजावून सांगण्याचे कारण नाही. २०२४ साली बुडापेस्ट येथील बुद्धिबळ ऑलिंपियाडमध्ये भारताच्या खुल्या व स्त्रियांच्या अशा दोन्ही संघांनी सुवर्ण जिंकले, तेव्हा आपल्या नागपूरची दिव्या देशमुख तिसऱ्या पटावर खेळत होती, आणि त्या पटाचे वैयक्तिक सुवर्णही तिनेच मिळविले. पुढच्याच वर्षी, २०२५ साली, तिने बाटुमी येथे स्त्रियांचा विश्वचषक जिंकला. तिसऱ्या पटावरची मुलगी पहिली कशी होते, ह्याचा दाखला आपल्याच गावात असता आणखी पुरावा कशास हवा?

असे असता घराघरांत काय दिसते? मुलगा व मुलगी एकाच दिवशी बॅट हाती घेतात; परंतु दहावीचे वर्ष आले की प्रथम मुलीची बॅट कपाटात जाते. संध्याकाळी सात वाजता मुलगा सरावास निघतो, आणि मुलीस सात वाजता घरी परतावे लागते. सरावाची खरी वेळ तीच. मग तिचा खेळ वाढावा तरी कसा? आणि तो वाढला नाही, की आम्हीच म्हणणार, मुलींस उपजत ओढ नाही! ह्यास नाचता येईना अंगण वाकडे असेही म्हणता येत नाही. येथे अंगणच दिलेले नाही.

म्हणून सीताबर्डीच्या व्यापारी बंधूंस व पालकांस आमचे तीन गोष्टींविषयी सांगणे आहे. पहिली गोष्ट, जेथे जेथे टेबल मांडलेले आहे, तेथे संध्याकाळच्या मुख्य वेळेपैकी निम्मा वेळ मुलींचा म्हणून राखून ठेवावा; दुपारची उरलीसुरली वेळ देऊन उपकार केल्याचा आव आणू नये. दुसरी, स्थानिक स्पर्धांस देणगी देताना दात्याने एक अट घालावी: पुरुषांइतक्याच खेळाडूंचा व तितक्याच बक्षिसाचा स्त्रियांचा सांघिक सामना असेल तरच पैसा मिळेल. तिसरी, देणगीचा काही भाग विजेतीच्या सत्काराऐवजी तिसऱ्या-चौथ्या मुलीच्या प्रवासास व बॅटच्या रबरास द्यावा. चांगल्या रबरास हजारो रुपये पडतात, नेमाने खेळणाऱ्यास ते वरचेवर बदलावे लागते, आणि पुष्कळ मुलींचा खेळ ह्याच खर्चापाशी अडतो.

रात्री मुलगी परतणार कशी, अशी शंका येईल. काळजी खोटी नाही; पण तिच्यावरचा उपाय मुलीस घरी बसविणे हा नव्हे. सीताबर्डीस मेट्रोचे दोन्ही मार्ग मिळतात. चार घरच्या मुली एकत्र निघतील, पाळीपाळीने एकेक पालक सोबत जाईल, तर ही अडचण आठवड्यात सुटेल. दुसरी शंका जागेची. ह्या खेळास मैदान लागत नाही. बर्डीसारख्या गजबजलेल्या पेठेत दुकानावरचा एखादा रिकामा मजला सरावास पुरेसा होतो. ज्या पेठेत गणपतीसाठी दरवर्षी मांडव उभा राहतो, तेथे मुलींसाठी दोन टेबले उभी राहू शकत नाहीत, असे कोण म्हणेल?

गाव करी ते राव न करी, अशी आपल्याकडे म्हण आहे. सरकार क्रीडासंकुले बांधील, मानांकने ठरवील, संघ परदेशी पाठवील. परंतु संध्याकाळी सात वाजता मुलीस दार उघडून देणे हे काम सरकारचे नाही, ते आपले आहे. एकेरीची विजेती दैवाने लाभते. संघ मात्र समाजास घडवावा लागतो. तो घडविण्याची सुरुवात बर्डीच्या व्यापाऱ्यांनी ह्याच वर्षी करावी, अशी आमची त्यांस आग्रहाची विनंती आहे.