नको असलेल्या ठिपक्यांची यादी



वैशाखात रात्री नऊच्या सुमारास अंगणात बाजेवर पडलात, तर उत्तरा नक्षत्राचा तारा जवळजवळ डोक्यावर असतो. हात लांब करून मूठ धरा. ताऱ्याच्या पूर्वेस मूठभर अंतरावर नुसत्या डोळ्यांना काहीच दिसत नाही, पण तिथे एक प्रचंड दीर्घिका आहे.

१८ मार्च १७८१ रोजी पॅरिसच्या चार्ल्स मेसिए यांना तिथे दुर्बिणीतून धुरकट ठिपका दिसला. हे गृहस्थ धूमकेतू शोधत. जागचे न हलणारे असले ठिपके म्हणजे त्यांच्या पिकातले तणच! पुन्हा फसगत नको म्हणून त्यांनी तणांची यादी केली. त्यात हा ८७ वा. त्यांचे धूमकेतू आज फारसे कुणाला ठाऊक नाहीत. यादी मात्र जगभर वापरतात.

तो धूर नव्हता, अब्जावधी ताऱ्यांचा लंबगोल समूह होता, हे विसाव्या शतकात कळले. २०१९ साली त्याच्या मध्यातील कृष्णविवराची प्रतिमा प्रसिद्ध झाली. त्याचे वस्तुमान सुमारे साडेसहाशे कोटी सूर्यांइतके! आपल्याला दिसणारा प्रकाश तिथून निघाला सुमारे साडेपाच कोटी वर्षांपूर्वी. तेव्हा ना माणूस होता, ना ज्वारी.

गावच्या शाळेत लहान दुर्बीण असेल, तर अवसेच्या आसपास मुलांना दाखवा. मेसिए यांना दिसला तसाच धुरकट ठिपका दिसेल.