नाण्यामागे उभे कोण?

रमजानचा शेवटचा अशरा, म्हणजे अखेरचे दहा दिवस, जवळ आला की मुस्लिम घरांतून जकातीचा हिशेब मांडला जातो. साडेबावन्न तोळे चांदीच्या किमतीइतकी किंवा त्याहून अधिक शिल्लक ज्याच्याकडे वर्षभर राहिली, त्याने तिचा अडीच टक्के वाटा गरजूंना द्यायचा, असा आपल्याकडे रूढ असलेला नियम आहे. दागिने, बँकेतील रक्कम, दुकानातील माल, उसने दिलेले पैसे असे सगळे कागदावर येते. या यादीत अलीकडे एक नवी नोंद दिसू लागली आहे, ती मोबाइलमधील नाण्यांची. तरावीहची नमाज संपल्यावर तरुण मुले इमामसाहेबांना विचारतात, बिटकॉइन हलाल आहे का? आणि असेल, तर त्यावर जकात किती?

प्रश्न मुसलमानांचा वाटला, तरी त्याचा गाभा सर्वांचा आहे. ज्या जाहिरातींना मोहल्ल्यातला मुलगा भुलतो, त्यांनाच पेठेतला मुलगाही भुलतो. म्हणून त्याचा विचार सर्वांसमोर व्हावा.

आधी एक गैरसमज दूर करू. शरियतला फक्त सोन्याचांदीचाच पैसा मान्य आहे, असे अनेकांना वाटते. इतिहास तसे सांगत नाही. दुसरे खलिफा हजरत उमर यांनी उंटाच्या कातड्याचे दिरहम काढण्याचा विचार केला होता, अशी नोंद बलाझुरी या इतिहासकाराने केली आहे. तसे केले तर उंटच उरणार नाहीत, असे लोकांनी म्हटल्यावर त्यांनी तो बेत सोडला. अडचण व्यवहाराची निघाली, धर्माची नव्हे. पुढे इमाम मालिक यांनीही असे मत मांडले, की लोकांनी कातड्याचे नाणे चलनात आणले, तर त्याला सोन्याचांदीच्या देवघेवीचेच नियम लागू करावेत. म्हणजे पैसा कशाचा आहे यापेक्षा लोक तो पैसा म्हणून स्वीकारतात की नाही, याला या विद्वानांनी महत्त्व दिले.

कागदी नोटेवरही असाच वाद झाला. नोट म्हणजे पैसा नसून केवळ देण्याची पावती आहे, म्हणून नोट हाती दिल्याने जकात पुरी होत नाही, असे काही उलेमांचे मत होते. १९०६ मध्ये मक्केत बरेलीच्या अहमद रझा खान यांना नोटेविषयी प्रश्न विचारले गेले. नोट हा स्वतःच माल आहे, असे उत्तर त्यांनी एक पुस्तिका लिहून दिले. आज नोटेतून जकात देताना कुणी क्षणभरही थबकत नाही. तेव्हा एखादी गोष्ट नवी आहे, एवढ्यावरून ती हराम ठरत नाही.

मग अडते कुठे? इस्लामी कायद्यात व्यवहार पारखण्याच्या तीन कसोट्या आहेत. रिबा म्हणजे व्याज. गरर म्हणजे व्यवहारातील अशी संदिग्धता, की आपण नेमके काय घेतो आहोत हेच कळू नये. आणि मैसिर म्हणजे जुगार. बिटकॉइनचा भाव नोव्हेंबर २०२१ मध्ये सुमारे ६९ हजार डॉलरवर होता. वर्षभरात तो १६ हजारांच्या आसपास आला. मे २०२२ मध्ये ऐंशी डॉलरच्या घरात असलेले लुना नावाचे नाणे आठवडाभरात जवळपास शून्यावर उतरले. या कसोट्या लावूनच इजिप्तच्या मुख्य मुफ्तींनी २०१८ मध्ये बिटकॉइनच्या व्यवहाराला मनाई केली. देवबंदच्या दारुल इफ्ताचे मतही विरोधातच आहे. इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेने २०२१ मध्ये क्रिप्टो हे चलन म्हणून हराम ठरवले. मात्र त्यामागे खरी मालमत्ता आणि स्पष्ट उपयोग असेल, तर वस्तू म्हणून खरेदी-विक्रीला वाव ठेवला. मलेशियात सिक्युरिटीज कमिशनच्या शरिया सल्लागार मंडळाने २०२० मध्ये नोंदणीकृत बाजारातील व्यवहाराला परवानगी दिली. मते वेगळी आहेत. पण बारकाईने पाहिले तर प्रत्येकाच्या मनात प्रश्न एकच दिसतो: या नाण्यामागे उभे कोण?

हा प्रश्न महाराष्ट्राच्या मातीला नवा नाही. देवगिरीला दौलताबाद करून राजधानी इथे आणणाऱ्या मुहम्मद तुघलकाने १३३० च्या सुमारास तांब्या-पितळेचे नाणे काढले आणि ते चांदीच्या टंक्याच्या मोलाने घ्यावे, असे फर्मान सोडले. घरोघरी खोटी नाणी पडू लागली आणि प्रयोग कोसळला. तुघलकी कारभार म्हणून आपण आजही हसतो. पण त्या सुलतानाने नाणी परत घेऊन खजिन्यातून सोने-चांदी मोजून दिली, हे विसरतो. नाण्यावर त्याचे नाव होते, म्हणून भरपाईही त्याच्याच दारात मागता आली.

बिटकॉइन २००९ मध्ये सुरू झाले. त्याच्या जनकाचे टोपणनाव जगाला ठाऊक आहे, माणूस कोण ते अजून ठाऊक नाही. पैसे बुडाले तर कुणाचे दार ठोठवायचे? जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या भारतीय बाजारातून सुमारे २३ कोटी डॉलर किमतीची नाणी चोरीला गेली. ग्राहकांची उरलेली नाणी वर्षाहून अधिक काळ अडकून पडली आणि त्यांच्या देण्याचा निवाडा सिंगापूरच्या न्यायालयात चालला. गावातल्या पतपेढीत पैसे अडकले तर निदान मोर्चा नेता येतो.

आपल्या कायद्याची भूमिका मात्र अर्ध्या उघड्या दरवाजासारखी आहे. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये बँकांना अशा व्यवहारांपासून दूर राहण्यास सांगितले. मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश प्रमाणाबाहेरचा ठरवून रद्द केला. २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर लागला. लॉटरी आणि घोड्यांच्या शर्यतीतील कमाईवरही हाच दर आहे. एका नाण्यातला तोटा दुसऱ्यातल्या नफ्यातून वजाही करता येत नाही. मार्च २०२३ मध्ये हे बाजार मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली आले. पण कर घेतला म्हणजे मान्यता दिली असे नाही, हे अर्थमंत्र्यांनी राज्यसभेतच सांगितले होते. सरकार नफ्यात वाटेकरी होते. बुडणाऱ्यासाठी स्वतंत्र कायदा अजून करत नाही. हे न्याय्य नाही.

रिझर्व्ह बँकेचा डिजिटल रुपया ही वेगळी गोष्ट आहे, तिची गल्लत करू नये. डिसेंबर २०२२ पासून सामान्यांसाठी त्याचा प्रायोगिक वापर सुरू झाला. तो कायदेशीर चलन आहे, खिशातल्या नोटेइतकाच त्याचा भाव आहे आणि त्यावर व्याज मिळत नाही. त्याच्यामागे देशाची मध्यवर्ती बँक उभी आहे. नोटेला जे लागू, ते त्यालाही लागू व्हायला हरकत दिसत नाही. त्यावर जकात निघेल आणि त्यातून ती देताही येईल.

सर्वांत मोठा धोका या दोहोंच्या बाहेर आहे. गेनबिटकॉइन नावाच्या योजनेने दरमहा दहा टक्के परताव्याचे आमिष दाखवले होते. त्याचे गुन्हे पुण्यातही नोंदले गेले. ठरलेला परतावा शरियतच्या भाषेत उघड रिबा आहे आणि पोलिसांच्या भाषेत फसवणूक. आता अशाच योजना ‘हलाल’ची पाटी लावून व्हॉट्सअॅपवर फिरतात. धर्माच्या नावाने विश्वास मिळवून धर्मबांधवालाच लुटण्याचा हा प्रकार आहे. मशिदींच्या विश्वस्तांनी आणि जमातींनी याविषयी जाहीरपणे बोलायला हवे. शुक्रवारच्या खुतब्याआधीची पाच मिनिटे त्यासाठी पुरेशी आहेत.

राहिला जकातीचा प्रश्न. फतवा देणे मुफ्तींचे काम आहे, माझे नाही. पण उलेमांच्या मतांचा सूर असा: जे या नाण्यांना माल मानतात, त्यांच्या मते हिशेबाच्या दिवशीच्या बाजारभावावर अडीच टक्के जकात निघते. जे हराम मानतात, त्यांच्या मते गुंतवलेल्या मूळ हलाल रकमेवर जकात आहेच. वरचा नफा मात्र पुण्याची अपेक्षा न ठेवता गरिबाला देऊन टाकावा. गैर कमाई जकात देऊन पाक होत नाही, यावर दोन्ही बाजूंचे एकमत आहे.

जकात गरिबाच्या हातात पडते तेव्हा तिचे पीठ, औषध, शाळेची फी होते. ज्या पैशाने उद्या सकाळी किराणा मिळेल याची खात्री नाही, तो आपल्या घरासाठी साठवण्याआधीही माणसाने थांबून विचार करावा. रोजा थांबायलाच शिकवतो.